भोंग्याची खाट

माझी थोरली पाऊल टाकायला शिकली त्या वर्षी माझा धाकटा भाऊ गाव सोडून आमच्याकडे शहरात आला. थोरली खाटांना धरधरून चालायची आणि प्रत्येक खाटेवरच्या झोपलेल्या माणसाला उठवायची, म्हणून ते साल माझ्या पक्कं लक्षात आहे.

आमच्याकडे म्हणजे दोन खोल्या. आतल्या खोलीत चूल, मी, आमचे हे आणि पोर. बाहेरच्या खोलीत सहा खाटा आणि बारा माणसं. सगळे आमच्याच गावचे, नाहीतर शेजारच्या. कोणी नवखा विचारायचा, "दाजी, बारा माणसं सहा खाटांवर मावतात कशी?" हे म्हणायचे, "मावत नाहीत. म्हणून तर पाळ्या आहेत."

गल्लीच्या टोकाला बाटल्यांचा कारखाना होता. काच वितळवायची भट्टी एकदा पेटली की विझवता येत नाही. विझली तर आतली काच आतच गोठते, मग भट्टी फोडल्याशिवाय निघत नाही. त्यामुळे कारखाना दिवसा चाले तसाच रात्री चाले. सकाळी भोंगा झाला की रात्रपाळीची सहा माणसं घामाने निथळत यायची आणि दिवसपाळीची सहा उठून जायची. संध्याकाळी त्याच्या उलट. खाट कधी रिकामी नसे. ती कोणाची असं विचारलं तर एकच उत्तर होतं, भोंग्याची.

हा नियम फार कडक होता. आजारी माणसालाही सूट नव्हती. अंगात ताप असला तरी भोंगा झाला की तो उठायचा, माझ्या उंबऱ्याशी भिंतीला टेकून बसायचा, आणि मी त्याच्यापुढे गरम पाणी ठेवायची. बाहेरच्यांना हे दुष्टपणाचं वाटे. पण सगळी रात्र भट्टीपुढे उभं राहून आलेल्या माणसाला 'आज जागा नाही' म्हणणं हा त्याहून मोठा दुष्टपणा झाला असता.

गाव सोडून लोक का येत, हे मला कोणी शिकवलं नाही, पण मी ते घरीच पाहिलं होतं. माझ्या वडिलांच्या रानात काम एका माणसाचं होतं आणि भाऊ चार. चौघंही दिवसभर राबायचे, पण पीक यायचं एकाच्याच कष्टाएवढं. तिघं निघून गेले असते तरी एक दाणा कमी झाला नसता. शहरात मजुरी गावच्या तिप्पट होती, हे खरंच. पण शहर एका हाताने देतं आणि भाड्याच्या हाताने काढून घेतं. आमच्या माणसांच्या पदरात काही पडलं ते एवढ्यामुळेच की एका खाटेचं भाडं दोघं मिळून भरत. त्या अर्ध्या अर्ध्या खाटांवर गावातली अख्खी घरं उभी होती. आणि एखादी अर्धी खाट रिकामी झाली की बातमी वाऱ्याआधी गावात पोचायची. आमचे हे म्हणायचे, "इथे एकाने कूस बदलली की तिकडे दुसरा गाठोडं बांधतो."

धाकट्याला मिळाली ती खिडकीखालची अर्धी खाट. दुसरी अर्धी उंटाची.

उंट हे काही त्याचं नाव नव्हे. पण तो दारातून आत येताना इतका वाकायचा की पहिल्यांदा कोणीतरी म्हणालं आणि चिकटलं ते चिकटलंच. त्याचे पाय खाटेबाहेर हातभर यायचे. त्याने पायथ्याशी बाटल्यांचं एक रिकामं खोकं उभं करून ठेवलं होतं, त्यावर टाचा टेकवून झोपायचा. आईबाप लहानपणीच गेलेले, घर चुलत्याच्या ताब्यात. गावी का जात नाहीस असं कोणी विचारलं की म्हणायचा, "गावात माझं आहे काय? एक नदी. तीही उन्हाळ्यात नसते."

पहिल्या सकाळी धाकटा रात्रपाळी करून आला, खाटेवर पडला आणि टुणकन उठून बसला. "अक्का, ही खाट गरम आहे गं!"

उंट बाहेर निघता निघता वळला. "मग? थंड हवी होती का जहागीरदारांना? सांगायचं, मी रात्रभर उभा राहिलो असतो."

सगळे हसले. गरम खाटेवर नवख्याला झोप येत नसे. दुसऱ्याच्या अंगाची ऊब त्याला किळसवाणी वाटायची. महिना-दोन महिन्यांत सवय व्हायची, आणि मग ती सवय अशी हाडात मुरायची की गावी गेलेला माणूस परत येऊन तक्रार करायचा, तिकडे झोपच नाही, अंथरूण मेलं गार पडलेलं असतं.

उंट दिवसपाळीला, धाकटा रात्रपाळीला. सहा वर्षं दोघं एका खाटेवर झोपले, पण दिवसातून भेटायचे ते दोनदा, चादर झटकायला जेवढा वेळ लागतो तेवढाच. तेवढ्यात त्यांचं सगळं बोलणं व्हायचं. मी आतून चहा गाळताना ऐकायची.

"ऊठ रे, सरक. मालक आले."

"आलास? आधी पाय आत घे. अर्धा उंट अजून गल्लीतच आहे."

"काही राहिलंय का?"

"एक स्वप्न अर्धं राहिलंय. उशीखाली ठेवलंय बघ."

"कसलं?"

"जेवणाचं."

"मग ते तरी अर्धं कशाला टाकलंस, खादाडा?"

धाकट्याचं लग्न शहरात यायच्या आधी थोडेच दिवस झालं होतं. माझी भावजय गावी, माझ्या थोरल्या भावाच्या संसारात. वर्षभराने तिला मुलगा झाला. धाकट्याच्या डोक्यात तेव्हापासून एकच गोष्ट: एक खोली. फार नाही, एक चूल मावेल आणि तिघं झोपतील एवढी. सुट्टीच्या दिवशी तो शहरभर खोल्या बघत हिंडायचा. परत आला की उंट विचारायचा, "मिळाली का?" धाकटा म्हणायचा, "मिळाली होती. मी खिसा चाचपेपर्यंत भाडं वाढलं."

एकदा तो गावी जाऊन आला तेव्हा भावजयीने एक पांघरूण शिवून दिलं होतं. जुन्या कपड्यांचे तुकडे जोडलेलं, चांगलं जाड, आणि लांब इतकं की धाकट्याने अंगावर घेतलं तर तो त्यात सापडत नसे. तिने विचारलं होतं म्हणे, "तुमच्या खाटेवरचा तो दुसरा माणूस केवढा आहे?" हा म्हणाला, "दारात वाकतो एवढा." तिने न बघितलेल्या माणसाच्या मापाने पांघरूण शिवलं.

उंटाचे पाय पहिल्यांदाच झाकले गेले. कोपऱ्यातल्या खाटेवरचा एकजण ओरडला, "उंटा, तुझी मजा आहे लेका! लग्न एकाने केलं आणि पांघरूण दोघांना!" हसून हसून खोली पडायची बाकी राहिली. उंट कानापर्यंत लाल झाला. दोन रात्री तो पांघरुणाला शिवला नाही, नुसता कुडकुडला. तिसऱ्या संध्याकाळी कामावर निघण्याआधी धाकट्याने स्वतः ते त्याच्या अंगावर टाकलं आणि म्हणाला, "घे गपचूप. आजारी पडलास तर बायको मला जाब विचारेल."

त्याच खेपेचं आणखी एक आहे. पोरगं चार वर्षांचं झालं होतं. बाप आठ दिवस राहिला तर ते आईला म्हणालं, "आई, हे पाहुणे कधी जाणार?" धाकट्याने हे इथे येऊन हसत हसत सांगितलं, म्हणून बाकीचेही हसले. उंट तेवढा हसला नाही. चादर झटकता झटकता थांबला आणि म्हणाला, "खोली बघ लवकर. अजून एक वर्ष गेलं तर ते पोर तुला पाहुणाही म्हणणार नाही."

मग एक दिवस कारखान्याच्या फाटकावर कागद लागला. मला तेव्हा वाचता येत नव्हतं. थोरली शाळेत जाऊ लागली होती, तिने अक्षरं लावत लावत वाचला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "आई, भट्टी विझवतात म्हणजे काय?"

कारखाना बांधला तेव्हा ती जागा शहराबाहेर होती, म्हणे. काटेरी झुडपांचा माळ. मग कारखान्यासाठी आम्ही आलो. आमच्यासाठी दुकानं आली, दुकानांसाठी रस्ता आला, रस्त्याने मोठे लोक आले, आणि जमीन अशी महागली की शंभर वर्षं बाटल्या काढल्या तरी तेवढे पैसे उभे राहिले नसते. मुकादम म्हणाला, "मालकाची तरी काय चूक? सोन्याच्या पाटावर बसून कोणी माती मळतं का?" आमच्या ह्यांनी उत्तर दिलं, "माती मळली म्हणून तर पाट सोन्याचा झाला, मुकादम." 

नवी भट्टी लांब, दुसऱ्या जिल्ह्यात, उघड्या माळावर लागणार होती. तिथे यंत्रं बाटल्या फुंकणार होती, माणसं थोडीच हवी होती. इथे उरलं ते गोदाम: तयार माल निवडायचा, बांधायचा, पाठवायचा. ते काम फक्त दिवसाचं.

भट्टी विझली त्या संध्याकाळी भोंगा झाला नाही. माणसं आपापल्या सवयीने उठली, तोंड धुतलं, आणि मग बारा जण खोलीत उभे राहिले. सहा खाटांकडे बघत. इतकी वर्षं झाली, पण बाराच्या बारा मी एका वेळी थांबलेले कधी पाहिले नव्हते. खोलीत हलायला जागा नव्हती. कोणीतरी म्हणालं, "आपण एवढे आहोत होय!"

आमच्या माणसांना दुसरा नियम ठाऊक होता, फक्त तो वापरायची वेळ कधी आली नव्हती. एका वेळी दोघांना खाट लागली तर जो आधी आला त्याची. पुढच्या आठवड्यात पाच जण गेले. दोघं नव्या भट्टीवर, तिघं गावाला. गेलेले तिघं आमच्या उंबऱ्यातून निघाले तेव्हा एकानेही मागे वळून पाहिलं नाही. गावी परत गेलेल्या माणसाला गाव विचारतं, "सुट्टी किती दिवसांची?"

खिडकीखालची खाट उंटाची होती, यात वादच नव्हता. उंटाला आणि धाकट्याला दोघांनाही गोदामात ठेवलं होतं. पण धाकट्याला झोपायला जागा नव्हती. जमिनीवर एक माणूस आडवा झाला तर दार उघडत नसे. आतल्या खोलीत आता माझी दुसरी, छोटीही होती, आम्ही चौघं. बाहेर दुसरी जागा बघायची तर अख्ख्या खाटेचं भाडं. ते भरलं तर खोलीसाठी काही साठणं शक्य नाही. आणि गावी परतावं तर भावाच्या घरात तो आता सवयीचाही राहिला नव्हता. धाकट्याने पिशवी भरायला घेतली.

उंट खाटेवर बसून बघत होता. म्हणाला, "पिशवी ठेव. मला रात्रीचं काम मिळालंय."

"कुठे?"

"भट्टीच्याच जागेवर. इमारत उठणार आहे ना तिथे, राखणदार पाहिजे."

"आणि गोदाम?"

"गोदाम दिवसा, राखण रात्री."

मी आतून बाहेर आले. "अरे, मग तू झोपणार कधी?"

"अक्का, राखणदाराला पगार कशाचा देतात वाटलं तुम्हाला? झोपायचाच देतात."

सगळे हसले, मीही. हसण्यात ते निभावून गेलं. खाट दोघांची राहिली, भाडं दोघांनी अर्धं अर्धं भरायचं तसंच राहिलं, आणि धाकट्याची पिशवी परत खिळ्याला लागली. ठरलं एवढंच की धाकट्याला खोली मिळेपर्यंत. खोली मिळाली की खाट उंटाची, अख्खी, रात्रभर.

वर्ष लागेल वाटलं होतं. दोन लागली.

उंट संध्याकाळी गोदामातून यायचा, माझ्या उंबऱ्याशी जेवायला बसायचा, आणि घास हातात धरून झोपायचा. छोटी त्याच्या नाकाला हात लावायची. तो दचकून जागा व्हायचा आणि म्हणायचा, "मी झोपलो नव्हतो, चव घेत होतो." मग जाड काठी घेऊन निघायचा. बांधकामावर सळ्या, सिमेंट, तारा, सगळं उघड्यावर. चोरी झाली तर भरून द्यावं लागे, म्हणून ठेकेदार दर प्रहराला घंटेवर टोला मारायला लावायचा. झोपायचा पगार मिळत नव्हता हे आम्हाला त्या टोल्यांवरून घरी बसून कळायचं. ते आम्हाला ऐकू यायचे.

धाकटा एकदा चिडला. "उंटा, पुरे झालं. आज तू झोप, मी उंबऱ्यात बसतो."

"आणि राखण तुझा आजोबा करणार?"

"तुझे डोळे बघ आरशात! खड्डे पडलेत."

"उंटाचे डोळे असेच असतात." मग आवाज खाली आणून म्हणाला, "गंमत कळते का तुला? जी इमारत मी राखतोय ती जसजशी वर जातेय, तसतसं तुझ्या खोलीचं भाडं वर जातंय. मी झोपलो तर काय बिघडेल? चार सळ्या चोरीला जातील, इमारत जरा उशिरा होईल. तुझं भलंच होईल." आणि स्वतःच हसला.

ते खरंच होतं. दर मजल्यागणिक आमच्या आसपासच्या गल्ल्या महागत होत्या. गवंडी आले, सुतार आले, त्यांच्यासाठी खोल्यांच्या खोल्या भरल्या. धाकटा जवळच्या गल्ल्या सोडून लांब बघू लागला, मग आणखी लांब. शेवटी त्याला खोली मिळाली ती शहर जिथे संपतं त्याच्याही पलीकडे. पत्र्याचं छप्पर, पाणी लांबून आणायचं, कामावर यायला दोन बस. पण खोली होती. दाराला कडी होती.

दिवाळी-दसऱ्यालाही आमच्याकडे एवढी धावपळ कधी नव्हती तेवढी त्या आठवड्यात झाली. मी जुनी भांडी दिली. ह्यांनी दोरी बांधून द्यायला म्हणून जाऊन अख्खा दिवस तिथेच घालवला. भावजय आणि पोरगा आले तेव्हा आम्ही सगळे बस थांब्यावर होतो, उंटसुद्धा. पोरगं आता सात वर्षांचं. ते बापाला सोडून उंटाकडेच बघत राहिलं, मान वर करून. मग आईला म्हणालं, "पांघरूण ह्यांचं होतं?" भावजय लाजली. उंटाने बसमधून ट्रंक उतरवून घेतली आणि तोंड दुसरीकडे केलं.

दुसऱ्या दिवशी उंटाने राखणदारी सोडली. त्या रात्री खिडकीखालची खाट त्याची होती, संध्याकाळपासून सकाळपर्यंत. मी चादर धुऊन घातली होती. तो लवकर जेवला, लवकर पडला. खोकं पायथ्याशी होतंच. आम्ही आत हळू बोललो, थोरलीला दटावून गप्प बसवलं.

सकाळी उठले तर तो खाटेवर बसलेला, गुडघे पोटाशी घेऊन.

"झोपला नाहीस?"

"लागली नाही, अक्का. खाट थंड आहे."

"सवय होईल रे."

"होईल की."

झाली नाही. इतरांची हळूहळू झाली, त्यांचा बदल होऊन दोन वर्षं होत आली होती. उंटाला तर चौदा-पंधरा वर्षं कोणीतरी ऊबदार करून ठेवलेल्या खाटेवरच झोप माहीत होती, आणि मागची दोन वर्षं तीही नाही. तो आडवा व्हायचा, कुशी बदलायचा, उठायचा, पाणी प्यायचा. त्याच्यामुळे इतरांची झोप मोडायची. कोपऱ्यातला वैतागून म्हणाला, "अरे, बायको कर एखादी, खाट तरी गरम करील!" पूर्वी असता तर उंटाने ह्याला सवाई उत्तर दिलं असतं. आता तो नुसता "हं" म्हणाला.

धाकट्याने सुट्टीच्या दिवशी त्याला आपल्याकडे नेलं. भावजयीने मऊ अंथरूण घातलं, दुपारी पोराला बाहेर खेळायला पाठवलं. उंट तासभर आढ्याकडे बघत पडला आणि मग उठून त्यांचं गळकं छप्पर दुरुस्त करत बसला. संध्याकाळी निघताना म्हणाला, "वहिनी, झक्क झोप झाली." ती मला नंतर म्हणाली, "ताई, ते खोटं बोलत होते. मी दाराच्या फटीतून बघत होते."

ते थंडीचे दिवस होते. उंट परत बांधकामावर जाऊ लागला. पगारासाठी नव्हे, नवा राखणदार होता तिथे. तो नुसता जाऊन बसायचा. इमारतीचं काम शेवटाला आलं होतं, आतल्या खोल्यांना गिलावा होत होता. थंडीत गिलावा सुकत नाही, म्हणून गवंडी संध्याकाळी खोल्यांमधून कोळशाच्या मोठ्या शेगड्या पेटवून ठेवत आणि सकाळपर्यंत तिकडे फिरकत नसत. उंटाने ते पाहिलं. एका सकाळी आला तो हसत आला. बऱ्याच दिवसांनी त्याचा चेहरा मोकळा होता.

"अक्का, झोप लागली! भिंतीसुद्धा कोमट असतात तिथे. शेगडीजवळ पडलो आणि कधी सकाळ झाली कळलंच नाही."

आम्हाला बरं वाटलं. आमचे हे म्हणाले, "भट्टीचा माणूस, त्याला आगीजवळच झोप लागणार." कोणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. वाटणार कसं? आम्ही सगळे निखाऱ्यावर वाढलेली माणसं. धूर वाईट, डोळ्यांत जातो, छातीत जातो, एवढं आम्हाला माहीत होतं. पण धूर नसलेला लाल निखारा म्हणजे आमच्या लेखी स्वच्छ आग. भट्टीचं छप्पर आभाळाएवढं उंच आणि चारी बाजू उघड्या, त्यामुळे बंद खोलीतला निखारा माणसाला काय करतो हे आमच्यातल्या कोणी कधी पाहिलंच नव्हतं. त्याच्या पहिल्या रात्री खिडक्यांना नुसत्या चौकटी होत्या, वारा खेळत होता. मग तावदानं बसली. गवंड्यांच्या मुकादमाने त्याला म्हटलंही होतं, "इथे झोपू नकोस, बाबा. माणसं दगावतात." उंट त्याला म्हणाला, "मला निखारा शिकवतोस? माझी हयात त्यात गेली." आणि ऊब बाहेर जाऊ नये म्हणून त्याने दारही ओढून घेतलं.

सकाळी तो चहाला आला नाही. गोदामाची वेळ झाली तरी आला नाही. ह्यांना शंका आली आणि ते तिकडे गेले. थोड्या वेळाने गल्लीतलं एक पोर पळत आलं आणि म्हणालं, "अक्का, तुम्हाला बोलावलंय."

त्याला खाली आणून इमारतीच्या दाराशी ठेवलं होतं. मी खूप मेलेली माणसं पाहिली आहेत, त्यांचा रंग जातो. उंटाचा चेहरा लाल होता, टवटवीत, पोटभर झोप झालेल्या माणसासारखा. मी त्याच्या गालाला हात लावला तेव्हा मला कळलं. पाय फळीच्या बाहेर आले होते. ठेकेदाराचा माणूस विचारत होता, "हा इथे कामाला नव्हता. तुमचा कोण?" आमचे हे म्हणाले, "आमच्या खाटेवरचा आहे." त्या माणसाला ते काही समजलं नाही.

धाकट्याला निरोप गेला. दोन बस करून तो आला तेव्हा दुपार झाली होती. बरोबर भावजय होती, पोरगं होतं. तो उंटाजवळ बसला. मग भावजयीलाच म्हणाला, "याची खाट मी घेतली गं. दोन वर्षं घेतली." ती म्हणाली, "त्यांनी दिली." धाकटा म्हणाला, "दिली. पण घेतली मीच ना." उंटाने दिली नसती तर भावजय अजून गावीच राहिली असती, पोराने बापाला ओळखलं नसतं. दिली म्हणून ती आली. दोन्ही हिशेब खरे आहेत आणि ते एकमेकांत वजा होत नाहीत.

त्याचं गावी कळवायला कोणी नव्हतं. चुलत्याला निरोप पाठवला, तो आला नाही. अग्नी धाकट्याने दिला.

त्यानंतर पंधरवड्यात घरमालक येऊन विचारून गेला, खिडकीखालची खाट भरायची की नाही. गावात बातमी पोचलेलीच होती. दोन पोरगे आले, नव्या इमारतीत रंगकामाला. दोघंही दिवसाचे. ते एकाच खाटेवर एकाचं डोकं आणि दुसऱ्याचे पाय असे झोपायला लागले.

उंट वारला तो माझी छोटी शाळेत जायला लागली त्या वर्षीच्या थंडीत, एका सोमवारी पहाटे. आमचे हे त्यानंतर अकरा वर्षांनी, उन्हाळ्यात, दवाखान्यात वारले. भावजय गेल्या साली गेली. धाकटा आहे.